तीन बदल

अंक बाजारात गेला की सहाव्या-सातव्या दिवशी पत्रांची पिशवी येते. पोस्टमन ती जिन्याखालीच ठेवून जातो. तीन मजले चढायचा त्याला कंटाळा, आणि खरं सांगायचं तर या कचेरीत पाऊल टाकायला तो फारसा राजीही नसतो. भुताखेतांच्या मासिकाचं कार्यालय म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहत असेल कोण जाणे. प्रत्यक्षात वर आहे काय? दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, जुन्या अंकांचे गठ्ठे आणि जिकडेतिकडे चहाच्या कपांचे गोल डाग. इतक्या वर्षांत तिथे उंदराखेरीज कुणी दर्शन दिलेलं नाही.

त्या दिवशी पिशवी आणायला नेहमीप्रमाणे पत्रताई खाली उतरली. वाचकांच्या पत्रांचं काम तिच्याकडे, म्हणून ती पत्रताई. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. पत्रं फोडायची, वाचायची, बरी असतील ती छापायला काढायची, बाकीच्यांना दोन ओळींचं उत्तर धाडायचं. अंगावर काटा आणणारी शेकडो पत्रं तिने डबा खाता खाता वाचली होती आणि घास कधी अडला नव्हता. पण त्या दिवशी तिने पिशवीची गाठ जिन्यातच सोडली. तिच्या घरातली एक गोष्ट सहा दिवसांपासून बंद पडली होती, आणि ती का बंद पडली हे या पिशवीतून कळेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

पहिलं पत्र, दर महिन्यासारखं, एका निवृत्त मास्तरांचं. ‘पान सातवरील भुताला सावली आहे, पान अकरावरील भुताला नाही. संपादकांनी एकदाचं काय ते ठरवावं.’ दुसरं एका बाईंचं. मागच्या अंकातला उपाय त्यांनी करून पाहिला होता. माळ्यावरचे आवाज थांबले नव्हते, पण नवऱ्याचं घोरणं थांबलं होतं, म्हणून त्या आभारी होत्या. तिसऱ्याने वर्गणी बंद करतो म्हणून धमकी दिली होती. तो गेली सहा वर्षं देत होता.

चौथं पत्र एका औषधांच्या दुकानदाराचं होतं. अक्षर नेटकं, हिशोबी माणसाचं.

‘आपल्या नव्या अंकात पान एकोणीसवर जी मुलगी आहे, ती परवा माझ्या दुकानात आली होती. दुपारचे चार वाजले होते. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरपलीकडून आवाज आला, “काका, उजवीकडे वळायचं ना?” मी वाकून पाहिलं तर कुणी नव्हतं. दप्तराचा तुटका पट्टा काउंटरच्या कडेवरून सरकत गेला, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. पट्ट्याला बकल नव्हतं. नुसती गाठ मारली होती.’

पत्रताईने पत्र खाली ठेवलं. पट्ट्याच्या गाठीबद्दल पान एकोणीसवर एक अक्षर नव्हतं. ते जगात फक्त तिलाच माहीत होतं.

आता पान एकोणीसची गोष्ट सांगायला हवी. तिथे ‘चार वाजता’ नावाचा अर्ध्या पानाचा मजकूर होता. एका आईने लिहिलेला, खाली फक्त ‘एक वाचक’. तिची शाळकरी मुलगी वारली आहे, पण रोज दुपारी चार वाजता ती शाळेतून घरी येते. दिसत नाही, आवाज तेवढे येतात. हा ‘एक वाचक’ म्हणजे स्वतः पत्रताई, हे कचेरीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून भिंगरी. नऊ वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत पोर हातची गेली. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. त्यानंतर ते घर बापाला खायला उठायचं. त्याने लांबच्या गावी बदली मागून घेतली. दर रविवारी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि मग दोघं बराच वेळ फोन कानाला लावून गप्प बसायची.

भिंगरी होती तेव्हा चार वाजता आई कधी घरी नसायची. मासिकाचं काम सहापर्यंत चाले. पोर गळ्यातल्या किल्लीने दार उघडून एकटीच घरात यायची आणि दोन तास एकटीच बसायची. “आज तरी लवकर येशील का?” हे तिने कितीदा विचारलं असेल त्याला गणती नव्हती, आणि “अंक जाऊ दे गं, मग येते,” हे उत्तरही ठरलेलं होतं. दप्तराच्या पट्ट्याचं बकल तुटलं तेव्हा पट्ट्याला गाठ मारून दिली आणि “या रविवारी शिवते” म्हणून आईने तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी पोर अंथरुणात होती. हे आठवलं की पत्रताईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे, आणि एकदोनदा तिने तसं घेतलंही होतं.

मुलगी गेल्यानंतर दोन महिन्यांनी, डोकं दुखतं म्हणून, ती दुपारीच घरी आली होती. चार वाजले. कुलपात किल्ली फिरली. दार जागचं हललं नाही, पण उघडल्याचा आवाज आला. बूट काढून फेकले गेले, एक इकडे, एक तिकडे. दप्तर धप्पकन जमिनीवर पडलं. स्वयंपाकघरात नळ सुटला, पेला भरला, घटाघटा पाणी पिण्याचा आवाज आला आणि शेवटी एक मोठं ‘हुश्श’.

दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. पत्रताई जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने कामाची वेळ बदलून घेतली, सकाळी सात ते तीन. का, ते कुणाला सांगितलं नाही. आता चार वाजता ती रोज घरी असायची. पंधरा मिनिटं आवाज यायचे आणि थांबायचे. बाकीचा दिवस ती त्या पंधरा मिनिटांवर ढकलायची.

मग हे छापायची दुर्बुद्धी कुठून झाली? झालं असं, की अंक छपाईला जायच्या दिवशी एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि अर्धं पान मोकळं पडलं. संपादकांना सगळे दादा म्हणत. पंचाहत्तरी उलटलेला, खोकत खोकत भुतांवर प्रेम करणारा माणूस. ते म्हणाले, “ताई, काहीतरी टाक गं तिथे. पिशवीत असेल एखादं जुनं.” पिशवीत धड एकही नव्हतं. आणि मनात तर इतके दिवस दाटून आलेलं होतं. पत्रताईने पेन घेतलं आणि वीस मिनिटांत ते अर्धं पान लिहून मोकळी झाली. लिहून झाल्यावर तिला सवयीप्रमाणे नियम आठवला.

नियम दादांचा होता आणि त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका घराची हकीकत खऱ्या खाणाखुणांसकट छापली, आणि वाचकांची झुंबड उडाली. लोक डबे घेऊन अंगणात बसायला लागले. त्या घरातल्या म्हाताऱ्याला शेवटी घर सोडावं लागलं. तेव्हापासून वाचकाचा कुठलाही अनुभव छापताना तीन गोष्टी बदलायच्या: वाट, दार आणि माणूस. पत्रताईने हे बदल शेकडो वेळा केले होते, हात आपोआप चालायचा. तिच्या घराकडे जाताना पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळावं लागे. तिने उजवीकडे केलं. दार तळमजल्यावरचं आणि तपकिरी होतं. तिने ते दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि निळं केलं. राहिला माणूस, म्हणजे आई. तिथे पेन जरा थांबलं. मग तिने लिहिलं, ‘मी घरीच शिवणकाम करते. दिवसभर घरातच असते. चार वाजले की मी मशीन थांबवते आणि तिच्यासाठी दार उघडून ठेवते.’

हे लिहिताना तिला बरं वाटलं होतं. मनातली आई निदान कागदावर तरी उतरली, इतकंच.

अंक एक तारखेला बाहेर पडला. त्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, पाच झाले. किल्ली फिरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात इतकं शांत झालं की नळाचा टपटप आवाज ऐकून ती दोनदा धावत आत गेली.

आणि आता ही पत्रं. औषधवाल्याच्या पत्रानंतर तिने पिशवी उलटी केली आणि पान एकोणीसबद्दलची सगळी वेगळी काढली. अकरा निघाली. निरनिराळ्या गावांची, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची. एका बसवाहकाने लिहिलं होतं, रिकाम्या सीटवरून कुणीतरी विचारलं, ‘पाण्याची टाकी आली की सांगाल का?’ एका म्हाताऱ्या बाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर चार वाजता थाप पडली होती. दार उघडल्यावर कुणीच नव्हतं, पण एक बारीक आवाज म्हणाला, ‘हे हिरवं आहे,’ आणि पावलं जिना उतरून गेली. एका नर्सने लिहिलं होतं, ‘फार दमलेली वाटली हो. मी म्हटलं, बाळ, बस जरा. तर म्हणाली, आई दार उघडून बसली असेल.’

त्या वाक्याशी पत्रताई थांबली. आपण काय करून बसलो ते तिला लख्ख कळलं. पोरीला घर विचारायची कधी गरज पडली नव्हती. दीड वर्ष ती डोळे मिटून येत होती. आईने छापताना पत्ता बदलला, आणि लहानपणापासून आईने सांगितलेल्या वाटेने जायची सवय असलेली ती पोर निमूटपणे त्या वाटेला लागली. गावोगाव, दारोदार, उजवीकडे वळत.

पत्रं घेऊन ती दादांच्या टेबलापाशी गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दादा चष्मा काढून पुसत राहिले.

“म्हणजे ते पान… तुझंच?”

“माझंच, दादा.”

“अगं मग मला सांगायचं नाहीस का? मी कोरं सोडलं असतं पान.”

“आता दुरुस्ती छापा. खऱ्या पत्त्यासकट. पुढच्याच अंकात.”

“तीस वर्षांत खरा पत्ता छापला नाही आपण. लोक येतील गं घरावर.”

“येऊ देत. तीही येईल ना त्यांच्यात.”

दादांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. “लिही,” ते म्हणाले. “पहिल्या पानावर घेऊ.”

तिने लिहिलं: ‘गेल्या अंकात पान एकोणीसवर तीन चुका झाल्या आहेत. टाकीपासून वळण डावीकडचं आहे. दार तळमजल्यावरचं, तपकिरी आहे. आई शिवणकाम करत नाही. पण चार वाजता ती घरी असते.’ खाली पूर्ण पत्ता दिला. मजकूर छापखान्यात जुळणीला गेला. अंक निघायला अजून वीस दिवस होते. त्या वीस दिवसांत पोर कुठे कुठे फिरेल, याचाच हिशोब ती रोज करत राही.

बाराव्या दिवशी एक जाड पाकीट आलं. आत शिवणाच्या कागदावर लिहिलेलं पत्र होतं, त्या तपकिरी कागदावर ज्याच्यावर कपड्यांची मापं आखतात.

‘आपल्या मासिकातली मुलगी आमच्याकडे आहे. आमच्या गावात पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे वळलं की आमची इमारत. दुसऱ्या मजल्यावर निळं दार माझं. मी शिवणकाम करते. मला मूलबाळ नाही, माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचा अंक मी वाचलेला नव्हता. शेजारणीने नंतर आणून दाखवला. तोवर ती आलेली होती. तिच्या आईला माझा नमस्कार सांगा. ती सुखरूप आहे म्हणावं.’

दुसऱ्या दिवशी पत्रताईने पहाटेची बस पकडली. आठ तासांचा प्रवास, दोनदा बस बदलून. टाकी दिसली तेव्हा तीन वाजून गेले होते. ती उजवीकडे वळली.

निळं दार उघडंच होतं. खिडकीशी मशीन, मशीनवर पन्नाशीची, जाड चष्म्याची, बारीक चणीची बाई. मशीनच्या तेलाचा वास. भिंतीवर अर्धवट शिवलेले कपडे.

“मी मासिकाकडून आले,” पत्रताई म्हणाली. आई असल्याचं सांगितलं नाही.

शिंपीणबाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग उठून पाणी दिलं. “बसा. ती यायची आहे अजून.” बोलताना तिचा आवाज आपोआप खाली गेला. “पहिले चार दिवस नुसता आवाज होता. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, पोर दमून येतेय, दार कसं लावायचं? मग एक दिवस भिंतीवर सावली दिसली. मग हात. हाताला धरलं तर नळाच्या पाण्यासारखा गार. आता…” तिने बोलणं अर्धवट सोडलं आणि दाराच्या चौकटीकडे बोट केलं.

चौकटीवर पेन्सिलीच्या तीन आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा बोटभर वर.

“वाढतेय ती,” शिंपीणबाई म्हणाली.

पत्रताई त्या रेघांकडे बघत राहिली. तिच्या घरी दीड वर्ष पोर आली आणि गेली, पण तिचं बूट फेकणं तेच, हुश्श तेच. नऊ वर्षं आणि सात महिने, त्याच्या पुढे एक दिवस नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. शिंपीणबाईने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. जिन्यावर पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी… आणि भिंगरी दारात उभी राहिली.

गाल लाल झालेले, कपाळावर घाम, डावा मोजा घसरलेला. बूट निघाले, एक इकडे, एक तिकडे. दप्तर धप्पकन पडलं. त्याचा पट्टा दुहेरी टाके घालून नीट शिवलेला होता.

“भूक लागलीय,” ती शिंपीणबाईला म्हणाली. मग तिला खुर्चीवरची पाहुणी दिसली. ती पटकन बाईच्या पाठीमागे सरकली आणि तिथून डोकावून पाहू लागली.

“भिंगरी,” पत्रताई म्हणाली.

मुलीने मागे वळून पाहिलं, मागे आणखी कुणी आहे की काय म्हणून. “कुणाला हाक मारतायत त्या?” तिने हळूच विचारलं.

“त्या मासिकातल्या काकू आहेत. लांबून आल्यात.”

“मग रडतायत का?”

पाहुणी कोण ते शिंपीणबाईला केव्हाच कळलं होतं, तिने दारात पाऊल टाकलं तेव्हाच. तिचा हात मुलीच्या खांद्यावर होता आणि बोटं घट्ट आवळलेली होती. ती भांडायला तयार होती, आणि सोडून द्यायलाही. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही एकदम दिसत होतं.

मुलगी पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात शिंपीणबाई घाईघाईने, खालच्या आवाजात बोलली. “तुम्ही दुरुस्ती छापणार असाल… छापा. तुमचीच आहे. मी अडवणार नाही. फक्त आदल्या दिवशी कळवा मला. एकाएकी नको.”

पत्रताईने आतल्या पेल्याचा आवाज ऐकला. घटाघटा, आणि मग हुश्श. ती उठली. जाताना तिने चौकटीवरच्या सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. लाकूड ऊबदार होतं. “काही छापत नाही,” ती म्हणाली. “दार मात्र उघडं ठेवत जा.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, मुलीला सोडून आले. शेजारीण म्हणाली, होतं असं, सवय होते हळूहळू.

दुसऱ्या दिवशी तिने छापखान्यात जाऊन दुरुस्तीचा मजकूर काढायला लावला. दादांनी विचारलं, “अगं, पण का?” ती म्हणाली, “तिथे ती वाढतेय, दादा. माझ्याकडे नुसती येत होती.” दादा खोकत उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नवा अंक दुरुस्तीविना निघाला. मास्तरांनी पुन्हा सावलीबद्दल लिहिलं. पान एकोणीसबद्दल एकही पत्र आलं नाही. पोर आता कुणाला वाट विचारत नव्हती.

पत्रताईची सात ते तीनची वेळ तशीच राहिली. आता घरी जायचं काही कारण नव्हतं, तरी ती जायची. चार वाजता दारालगत भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. डोळे मिटायची आणि ती निळ्या दाराची खोली एकेक करून मनात मांडायची. खिडकी, मशीन, चौकटीवरच्या रेघा, बूट एक इकडे, एक तिकडे. कामावरून आली तशीच बसायची, वेणी सुटलेली, पदर कसाही. बघायला कोण होतं? पंधरा मिनिटांनी उठायची आणि दिवा लावायची.

असे दोन महिने गेले. मग एके दिवशी पिशवीत पुन्हा तपकिरी कागद आला. तिने तो डब्याशेजारी ठेवून उघडला.

‘ताई, ती बरी आहे. मागच्या महिन्याचा फ्रॉक आखूड झाला, नवा शिवला. लिहायचं कारण वेगळं आहे. गेले काही दिवस ती चार वाजता घरात आली की दाराजवळ बघते आणि गप्प होते. काय झालं विचारलं तर म्हणते, त्या मासिकातल्या काकू बसल्यात. मला तिथे कुणी दिसत नाही. मी म्हटलं, काही बोलतात का? म्हणाली, नाही, डोळे मिटून बसतात, केस सगळे विस्कटलेले असतात, मला भीती वाटते. रोज पंधरा मिनिटं असतात आणि मग जातात. काल तिने मला विचारलं, “काकू मेल्यात हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?” मी काय उत्तर देणार? ताई, रागावू नका. चार वाजता तुम्ही कुठे असता, काय करता, तेवढं कळवा.’

पत्रताईने पत्र दोनदा वाचलं. डबा तसाच राहिला. अंगभर सरसरून काटा आला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, आणि तोही स्वतःचीच हकीकत वाचून. इतकी पत्रं वाचून तिला एक पक्कं माहीत होतं, अशी येणारी माणसं कधीच दुष्ट नसतात, त्यांना फक्त जाता येत नाही. थांबायचं कसं, हे मात्र एकाही पत्रात कुणी लिहिलेलं नव्हतं.

तिने उत्तराचा कागद घेतला. ‘आपलं पत्र मिळालं,’ इतकं लिहिलं, खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. तीन केव्हाच वाजून गेले होते, साडेतीन व्हायला आले होते. ती उठली आणि जवळजवळ पळतच घरी गेली.

आज बसायचं नाही, असं ती वाटेत तीनदा स्वतःशी म्हणाली. कुठेतरी बाहेर निघून जावं, बाजारात, गर्दीत. पोरीला भीती वाटतेय. पण कुलूप उघडून आत आल्यावर तिचे पाय बाहेर वळेनात. तिथे बसली तर पोर तिला बघते. भीतीने का होईना, पण बघते. जिवंत असताना रोज चार वाजता जी आईची वाट बघायची, ती आता रोज चार वाजता आईला बघते, एवढंच काय ते उरलं होतं. तेवढंही सोडून द्यायचं बळ तिच्यात नव्हतं.

तिने थंड पाण्याने तोंड धुतलं. केस विंचरून घट्ट वेणी घातली. कपाटातून धुतलेले कपडे काढले, फिकट पिवळे, लहान मुलांना आवडतील असे. आरशात पाहून तिने हसायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, मग जरा जमलं. चार वाजायला दोन मिनिटं असताना ती दारालगत जाऊन बसली आणि डोळे उघडे ठेवले.

घरात काही हललं नाही. मग कुठूनसा मशीनच्या तेलाचा वास आला, दाट, नाकाशी आल्यासारखा… आणि कानाच्या अगदी जवळ कुणीतरी, आजारी माणसापाशी बोलावं तसं, दबक्या, बारीक आवाजात म्हणालं,

“आई, बघ ना… आज त्या हसतायत.”